पुठ्ठ्याचा नंदी

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. देवापुढे बसते तेव्हा त्यालाही मी आडूनआडूनच सांगते — माझं काही चुकलं असेल तर, वगैरे. असेल तर! म्हणजे देवाशीसुद्धा लबाडी. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापुढे तोंड उघडायची हिंमत करते आहे.

मी नागपुरात मनीषनगरच्या एका शाळेत हस्तकला शिकवते. मुलं मला ‘क्राफ्टच्या मॅडम’ म्हणतात. माझ्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात घोटीव कागद, क्रेप, डिंकाच्या बाटल्या, टिकल्या, आइस्क्रीमच्या काड्या, आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’साठी पालकांनी पाठवलेले रिकामे डबे. मुलांना फक्त बोथट टोकाच्या कात्र्या मिळतात. धारदार कटर वरच्या कप्प्यात असतात आणि कपाटाला कायम कुलूप असतं. नियम माझाच आहे. दर जूनमध्ये नव्या शिक्षिका येतात तेव्हा मी त्यांना समोर बसवून हा नियम समजावते आणि मग एक गोष्ट सांगते — एका मुलीने माझ्या पर्समधून किल्ली काढली, चोरून कटर घेतला आणि बोट कापून घेतलं. त्या बिचाऱ्या ‘अगं बाई’ म्हणतात. दरवर्षी म्हणतात.

ही गोष्ट खोटी आहे.

थांबा जरा. सरळ सांगायला गेले की जीभ अडखळते. आधी दुसरं एक कबूल करते, ते सोपं आहे — माझ्या हातात कला नाही. हसू नका. डिप्लोमा आहे, नोकरी आहे, पण कात्री चालवली की रेष वाकडी जाते ती जातेच. शाळेच्या प्रदर्शनात मुलांच्या वस्तूंवर बाई शेवटचा हात फिरवतात, ही सगळीकडची रीत आहे. पालकांनाही माहीत असतं. आमच्याकडे उलटं होतं. बाईंच्या वस्तूंवर एक मुलगी हात फिरवायची.

पल्लवी. सहावीत होती. दोन वेण्या, कोपरापर्यंत डिंक, बोलणं कमी. तिच्या हातात पुठ्ठा दिला की त्याला पाय फुटायचे. मला तिचा हेवा वाटायचा का? वाटायचा. अकरा वर्षांच्या पोरीचा हेवा! पण त्याहून जास्त मला तिची गरज होती, आणि तिला माझी माया होती. मी ‘शहाणी वं माझी बाई’ म्हटलं की पोरीचा चेहरा असा उजळायचा — मी ते पुन्हापुन्हा म्हणायची. काम काढून घ्यायला सोपं पडायचं.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला संस्थेचे पाहुणे येणार होते. लहान मुलं आपापले लाकडी नंदी सजवून आणतात, ते तर होतंच. पण मुख्याध्यापिका बाईंना फाटकाशी एक मोठा नंदी हवा होता, पुठ्ठ्याचे थर जोडून केलेला. मी मोठ्या तोंडाने ‘होऊन जाईल’ म्हणून बसले. धड झालं कसंबसं. वशिंडही तसंच. शिंगं मात्र काही केल्या जमेनात. तीन शिंगं फुकट घालवली. कुणाला सांगणार? क्राफ्टच्या मॅडमलाच नंदी करता येत नाही म्हणून?

मधल्या सुट्टीत मी पल्लवीला बोलावलं. जाड पुठ्ठा बोथट कात्रीने कापला जात नाही, हे मला माहीत होतं. मी किल्ली पर्समधून काढली आणि तिच्या हातात दिली. ‘वरच्या कप्प्यातला पिवळा कटर घे,’ म्हटलं. ‘आणि कोणाला सांगायचं नाही हं. हे आपलं दोघींचं.’ ती हो म्हणाली. मग मी तिला तिथे एकटीला सोडून स्टाफरूममध्ये तर्री-पोहे खायला गेले. कोणाचा तरी वाढदिवस होता.

ती स्टाफरूमच्या दारात आली तेव्हा तिने डाव्या हाताला लाल क्रेप कागद गुंडाळला होता. युनिफॉर्मला डाग पडू नये म्हणून. मला वाटलं, फूल-बिल काही करून दाखवायला आणलंय. मी चक्क हसले. मग कागदाचा रंग फरशीवर ठिबकायला लागला, आणि तो नुसता कागदाचा रंग नव्हता. तिथे सगळे होते. मुख्याध्यापिका बाई होत्या. पोरगी फक्त माझ्याकडे बघत होती.

बाईंनी विचारलं, कपाट कोणी उघडलं? माझी पाचावर धारण बसली. काय काय आलं मनात — चौकशी, नोकरी, नवऱ्याचं बंद पडलेलं दुकान. आलं असेल, नसेलही. आता मी ते पुढे करायला शोधून काढते आहे का, तेही कळत नाही. मी म्हणाले, ‘हिने माझ्या पर्समधून किल्ली घेतली असेल.’

बाईंनी पल्लवीला विचारलं, घेतलीस? आणि ती — बोटातून रक्त गळतंय, ओठ पांढरे पडलेत — ती म्हणाली, ‘हो. मीच घेतली.’

ती का म्हणाली, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी सांगितलं होतं ना, आपलं दोघींचं. पोरगी शब्द पाळत होती.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. घरोघरी पोळ्या लाटायला जाणारी बाई, कामावरून थेट आलेली, हाताला कणीक तशीच. मी उठायच्या आत ती वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. म्हणाली, ‘माफी द्या मॅडम. आमच्या घरी कोणी चोट्टं नाही. हे पोरगी कुठून शिकून राहिली, काय मालूम.’ मी काय म्हणाले? मी म्हणाले, ‘असू द्या, लहान आहे.’ मोठेपणा दाखवला हो मी! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, मी तर बोंब न मारता सगळं साधलं.

बोटाची शीर तुटली होती. टाके पडले, जखम भरली, पण डाव्या हाताची तर्जनी पुन्हा वाकली नाही. वर्गात पोरं तिला चोट्टी म्हणायची. मी ऐकायची. ऐकून फळ्याकडे वळायची. ती माझ्या तासाला मागच्या बाकावर बसायला लागली आणि रिकामा कागद जमा करायची. मी त्यावर सही करायची. दहावीनंतर ती गेली आणि मी सुटले, असं मला वाटलं — काय लिहिते आहे मी हे! सुटले!

शिंगांशिवाय नंदी कसा उभा करणार? तिने जखमेआधी एक शिंग पुरं केलं होतं. ते मी लावलं. दुसरं त्यावरूनच गिरवून कापलं. पाहुण्यांनी कौतुक केलं.

मागच्या आठवड्यात सदर भागातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी घोटीव कागद घेत होते. बाजूला एक बाई लहान मुलीसाठी कागद निवडत होती. तिने कागद धरला तो तळव्याच्या कडेने. एक बोट सरळ, काडीसारखं. मी चेहरा पाहिलाच नाही, बोटच पाहिलं. पळून जावं असं वाटलं. तेवढ्यात तिने ओळखलं, वाकून नमस्कार केला. भाचीला घेऊन आली होती, शाळेच्या प्रोजेक्टचं सामान घ्यायला. ती स्वतः बँकेत काम करते म्हणाली. चांगलं चाललंय म्हणाली.

आता सांग, आता सांग — माझ्या छातीत कोणी ओरडत होतं. दुकानात चार माणसं होती. चारच. त्यांच्यापुढे एक वाक्य बोलायचं होतं.

तीच जवळ सरकली. हळूच म्हणाली, ‘मॅडम, मी अजून कोणालेच नाही सांगितलं. आईलेही नाही.’

तिच्या आईला अजून वाटतं की आपली पोरगी चोर होती.

आणि मी — ऐका, यासाठीच इतकं लिहिलं — मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘शहाणी वं माझी बाई.’

तिचा चेहरा सहावीतल्यासारखा उजळला नाही. भाचीने तिची ओढणी ओढून विचारलं, काय नाही सांगितलं, मावशी?

‘काही नाही वं,’ ती म्हणाली. ‘ते आमचं दोघींचं आहे.’

मी माझे कागद घेतले आणि बाहेर आले. दोघींचं नव्हतंच ते कधी. माझं एकटीचं होतं, आणि वागवते आहे ती.