डावीकडची सीट

थायलंडला जायचं ठरलं ते दुकानामुळे. आळेफाट्याला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. माझे मिस्टर आणि माझे थोरले दीर दोघं मिळून ते चालवतात. दिरांना घरात सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणते. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत शेतीच्या औषधांच्या कंपन्या दुकानदारांना टार्गेट द्यायच्या, आणि ते पूर्ण केलं की परदेशी सहल. आधी नुसते पुरुषच जायचे. आदल्या वर्षी गेलेल्या मंडळींनी तिकडे काय पराक्रम केले कुणास ठाऊक, पण त्या वर्षी कंपनीनं फर्मान काढलं, की यायचं तर जोडीनंच. मी त्या अनोळखी वीरांची आजही ऋणी आहे.

आम्ही दोघी जावा निघालो खऱ्या, पण जाऊबाईंचं मन सहलीत नव्हतं. त्यांची थोरली लेक अकरावीला ओतूरच्या कॉलेजात जायची. आमचा मळा पिंपरी पेंढारच्या शिवारात, हमरस्त्यापासून चांगला आत, आणि मधला सगळा रस्ता दोन्ही बाजूंच्या उसातून. दिवाळीनंतर दिवस लहान झाले, एस.टी. फाट्यावर यायची तोवर अंधार पडायचा. त्यात एका रात्री बिबट्यानं आमच्या अंगणातून कुत्रं उचललं. दुसऱ्या दिवसापासून पोरीचं कॉलेज बंद.

"कोन जानार रोज आनायला?" दादा म्हणाले. "संध्याकाळी दुकानात माणूस माणसाला हटत न्हाई. आन् म्हातारा-म्हातारीला पाठवू का उसातनं?"

म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त राग यायचा. खताच्या गोण्या आणायला घेतलेली व्हॅन अंगणात उभी असायची, दुकानात जायला दोघा भावांना मोटरसायकल पुरायची. जाऊबाई एकदा जेवण वाढता वाढता म्हणाल्या, "मला व्हॅन शिकवा, मी जाते." दादांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "तुला सायकल येत न्हाई, आन् व्हॅन चालवती! उसात घालशील न्हेऊन, मग बिबट्याच तुला बाहेर काढंल." आम्ही सगळेच हसलो. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी आमटीचं पातेलं उचललं आणि आत गेल्या. दोन दिवसांनी दादांनी सांगून टाकलं, सहलीवरून आलो की कॉलेजातून पोरीचा दाखला काढायचा. एक स्थळही कुणीतरी सुचवलं होतं. पोरगी बिचारी नुसती पुस्तकांवर फडकं मारत बसायची.

तर असं सगळं डोक्यात घेऊन आम्ही समुद्रकिनारी पोहोचलो. किनारा सुंदर होता, मला कबूल आहे. पाणी हिरवंनिळं, नारळाची झाडं वाकून पाण्यात डोकावणारी. पण आमच्या ग्रुपला बघून ती झाडंही जरा सरळ झाली असतील. पुरुष पांढऱ्या शर्ट-पायजम्यात, दादांच्या डोक्यावर कडक टोपी. बायका साड्यांत. मी एक पंजाबी ड्रेस बॅगेच्या तळाशी लपवून आणला होता, तो घालायचं धाडस मला तिसऱ्या दिवशी झालं. आणि त्याच दिवशी त्या गाड्यांवर बसवायला नेलं.

बग्गी म्हणतात त्यांना. आमच्या डोक्यात बग्गी म्हणजे लग्नातली, घोडा जोडलेली. इथं तर नुसता लोखंडी नळ्यांचा पिंजरा, खाली चार जाडजूड टायर, पुढे दोन सीटा, मागे दोन, आणि सगळ्यांत मागे उघडं इंजिन. विहिरीवरच्या डिझेल मशीनसारखं ते धडधडत होतं. कंपनीचा एक तरुण माणूस आमच्यासोबत होता, त्यानं सगळं समजावून सांगितलं. गिअर नाही, क्लच नाही. एक पेडल पळायचं, एक थांबायचं. पुढे वाट दाखवणारी गाडी, तिच्या मागून एका ओळीत जायचं, ओव्हरटेक करायचं नाही. नारळीच्या बागेतून किनाऱ्यावर, तिथून ओढा ओलांडून पलीकडच्या टोकाला. पुढची गाडी चालवणारी बाई होती. चाळिशीची, भक्कम बांध्याची, डोक्यावर गवताची मोठी हॅट.

"म्होरं बाई हाय व्हय?" दादा म्हणाले, आणि मिस्टरांकडे बघून हसले.

"आता जोडीजोडीनं बसा," कंपनीचा माणूस म्हणाला. कुणी हललंसुद्धा नाही. अहो, बसणार कसं? थोरल्या दिरांच्या देखत मी नवऱ्याला खेटून बसू? जाऊबाई तर लग्नाला वीस वर्षं होऊनही चारचौघांत दादांच्या शेजारी कधी बसल्या नव्हत्या. भाड्याच्या जीपमध्येसुद्धा दादा आणि मिस्टर पुढे, आम्ही मागे पोरांना मांडीवर घेऊन. लग्नाच्या पंगतीला बसतो तसे आम्ही आपोआप वेगळे झालो, पुरुष पुरुषांच्या गाडीत आणि बायका बायकांच्या. ग्रुपमधल्या मंचरच्या शेठाणीबाईंनी तर बसायलाच नकार दिला. सगळ्यांच्या चपला आणि पर्सा सांभाळत त्या झाडाखाली खाखऱ्याचा डबा उघडून बसल्या.

आमच्या दोघींच्या वाट्याला शेवटून तिसरी गाडी आली. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या, "पुढंच बसू, मागं धूर लागंल." आणि ड्रायव्हरच्या शेजारची म्हणून डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसल्या. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. त्या गाडीचं स्टिअरिंग होतं डावीकडे.

ते त्यांच्या पोटाशी आलं तेव्हा त्या दचकल्या. "आगं बया! हे इकडं कसं?" त्या उठायला गेल्या, तेवढ्यात ती हॅटवाली बाई आली. तिनं काही न विचारता जाऊबाईंच्या छातीवरून पट्टा ओढून खटकन लावला, पदरावरूनच हेल्मेट चढवलं, त्यांचा उजवा पाय धरून आधी एका पेडलवर ठेवला, मग दुसऱ्यावर, आणि अंगठा दाखवून निघून गेली.

"जाऊबाई, तुम्ही उतरा, मी बघते," मी म्हणाले. मला स्कूटी यायची, त्याचा तोरा.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर ओढून कमरेला खोचला. कांद्याच्या लागणीला वाफ्यात उतरताना खोचतात तसा, घट्ट. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "बसलीय तर बसलीय."

पहिल्यांदा पेडल दाबलं तेव्हा गाडीनं अशी उडी मारली की माझं डोकं मागच्या नळीवर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून वाचले. मी किंचाळले. जाऊबाई "आई गं" म्हणाल्या आणि थांबायचं पेडल दाबलं, तर मी पुढे आपटले. असं तीनचारदा झालं. मागच्या गाडीतल्या बायका हसून बेजार. मग एकदम काय झालं कोण जाणे, त्यांचा पाय हलका झाला. गाडी सुरसुर निघाली. नारळीच्या खोडांमधून, वाटेतल्या मुळ्यांवरून, डावं वळण, उजवं वळण. त्या ओठ दाबून समोर बघत होत्या. मी बाजूची नळी दोन्ही हातांनी धरून, आठवतील तेवढ्या देवांना नवस बोलत होते.

बागेतून बाहेर पडलो तो समोर उघडा किनारा. समुद्राच्या कडेची ओली वाळू फरशीसारखी टणक. जाऊबाईंनी थोडा वेग वाढवला, वाऱ्यानं हेल्मेटखालचा पदर फडफडायला लागला. आणि त्या मला मोठ्यानं म्हणाल्या, कारण इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू आलं नसतं:

"एवढंच असतं व्हय गं? मला वाटलं लई असतं काय तरी!"

मी हसले. त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एवढ्यापायी माझी पोर घरी बसवली," त्या म्हणाल्या. वेग मात्र त्यांनी कमी केला नाही.

मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला, पण लगेच गाडी उसळली आणि मला तो हात नळी धरायला परत घ्यावा लागला.

आता दादांचं ऐका. दादा आणि मिस्टर आमच्या मागच्या मागे, सगळ्यांत शेवटच्या गाडीत होते. पुढे बायकांच्या दोन गाड्या, त्यांच्यामागून वाळू खात जायचं, हे दादांना कितीसं मानवणार? तरुणपणी जत्रेतल्या शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळवलेला माणूस. मोकळा किनारा दिसला आणि त्यांनी नियम गुंडाळून ठेवला. ओळ सोडून उजवीकडच्या कोरड्या वाळूतून गाडी काढली. मी मागे वळून पाहिलं. टोपीवर हेल्मेट, हेल्मेटखालून टोपीचं टोक बाहेर आलेलं, आणि दादा घाटात शर्यतीची बारी सुटल्यासारखे ओरडतायत, "भिर्रर्रर्र!"

बारी काही लांब गेली नाही. कोरडी भुसभुशीत वाळू ती, गाडी जागीच बसली. दादांनी रेस दिली, चाकं आणखी खाली गेली. त्यांनी आणखी रेस दिली. मिस्टर उतरून ढकलायला लागले, तर चाकांची सगळी वाळू त्यांच्या तोंडावर. मला नवऱ्याची दया यायला हवी होती, पण खरं सांगते, पोट दुखेपर्यंत हसले. शेवटी हॅटवाली बाई परत आली, दादांसमोर उभी राहिली, आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. दादांनी इंजिन बंद केलं. शाळेत गुरुजींनी पट्टी दाखवल्यावर पोरं बसतात तसे बसून राहिले.

गाडी ओढून काढायला ट्रॅक्टर येणार होता. कंपनीचा माणूस धावत आला. "दादा, वहिनींच्या गाडीत मागच्या दोन सीटा रिकाम्या आहेत."

"मी चालत येतो," दादा म्हणाले.

"लांब आहे हो. आणि भरती येतेय."

दादांनी किनाऱ्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि मुकाट आले. आले ते थेट डाव्या बाजूला, जाऊबाईंच्या शेजारी उभे राहिले. आता ही उतरणार आणि स्टिअरिंग आपल्या हातात देणार, हे त्यांना सूर्य उगवण्याइतकं ठाऊक होतं. पुढच्या गाड्या थांबल्या होत्या, सगळा ग्रुप माना वळवून बघत होता.

जाऊबाई समोर समुद्राकडे बघत होत्या. त्यांचे हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत.

"तिकडनं बसा," त्या म्हणाल्या.

मी पटकन पट्टा सोडून उठले, कारण दीर मागे आणि मी पुढे असं तर बसणं शक्यच नव्हतं. मी मागे गेले, मिस्टर वाळू थुंकत माझ्या शेजारी येऊन बसले. दादा क्षणभर तसेच उभे. मग गाडीला वळसा घालून उजवीकडे आले आणि बायकोच्या शेजारी बसले. कंपनीच्या माणसानं तेवढ्यात फोटो काढला, कारण अख्ख्या सहलीत जोडीनं बसलेली तेवढीच काय ती गाडी. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. दादा त्यात कॅमेऱ्याकडे न बघता पेडलकडे बघतायत.

निघालो. थोडं पुढे गेल्यावर ओढा आला. डोंगरातून येऊन समुद्राला मिळणारा, गुडघाभर पाण्याचा. दादांना राहवेना. "हळू घे. डावीकडनं... आगं डावीकडनं, तिकडं खोल हाय... ब्रेक..."

"गप बसा जरा," जाऊबाई म्हणाल्या.

मिस्टरांनी माझा हात घट्ट धरला. आमच्या घरात ते वाक्य दादांना कुणी बोललं नव्हतं, सासूबाईंनीसुद्धा नाही. जाऊबाईंनी गाडी पाण्यात घातली. दोन्ही बाजूंनी पाणी उडालं, आम्ही चौघंही भिजलो, मध्ये एकदा चाक दगडावर चढून घसरलं. त्यांनी पाय उचलला नाही. गाडी पलीकडच्या काठावर चढली आणि ओल्या वाळूवरून सरळ धावायला लागली.

दादांनी हेल्मेटच्या आत बोट घालून डोळ्यांवरचं पाणी निपटलं. मग समोर बघतच विचारलं, "पोरीची यष्टी फाट्यावर कवा येती?"

"साडेसहाला."

"अंधार व्हतो मग."

"व्हॅनला दिवे हायेत की," जाऊबाई म्हणाल्या.

मागे मिस्टरांच्या हाताला माझी नखं रुतली होती. किनाऱ्याचं टोक दिसायला लागलं. तिथं पोहोचायच्या थोडं आधी दादा घसा साफ करून म्हणाले, "व्हॅनचा क्लच जरा जड हाय. पयल्या दिशी पाय दुखंल तुझा."