सुचित्राकाकूंनी ब्राह्मी घेतली

दिवेआगरात सुचित्राकाकूंकडे जेवून गेलेला माणूस आधी काकूंबद्दल बोलतो, मग त्यांच्या उकडीच्या मोदकांबद्दल. कारण काकू जेवणाची ऑर्डर कधी लिहून घेत नाहीत. पदर खोचून ओसरीवर उभ्या राहणार, "हं, सांगा" म्हणणार, आणि कोणाला सोलकढी बिनमिरचीची, कोणाला भातावर तूप नको, सगळं डोक्यात. तोरा काय तो याचाच. दागिने तर शेजारणींकडेही आहेत.

या मे महिन्यात मात्र घोटाळा झाला. पुण्याच्या मधुमेही आजोबांच्या पानात मोदक पडले आणि नातवाच्या पानात कारल्याची भाजी. आजोबा एकदम खूश. नातवाने असं भोकाड पसरलं की समुद्रावरचे लोक वळून बघायला लागले म्हणे.

"आई, उद्यापासून मी लिहून घेत जाते," सूनबाई आश्लेषा गालातल्या गालात हसत म्हणाली.

"माझ्या घरात? कागद?" काकू कडाडल्या.

"बरं, मग पैज. शनिवारी घर भरलंय. एक जरी चूक झाली तरी कागद येणार."

काकू तडक वाडीत गेल्या. पोफळींखाली पाटाच्या ओलीत ब्राह्मी नुसती माजली होती. शेजारची नेत्रा आयुर्वेद शिकते. स्मरणशक्तीसाठी ब्राह्मी कशी घ्यायची, ते कुंपणावरूनच तिला विचारलं.

"जेवणानंतर चमचाभर रस घ्या, काकू," नेत्रा म्हणाली. "पण गुण आलाच तर दोन-तीन महिन्यांनी. जास्त घेऊ नका हं, पोट बिघडतं."

शनिवार तर परवावर आला होता. तेव्हा महिन्यांची ब्राह्मी दोन दिवसांत संपवायची, असा सरळ हिशेब काकूंनी केला. पोटाचं वाक्य कुंपणापलीकडेच राहिलं. मिक्सर घरघरला, पेल्यामागून पेला रिकामा झाला.

"अगं, शेवाळ पितेयस का?" यजमान विश्वंभरकाका घाबरून म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. लग्नाच्या वाढदिवसाला मला शुभ दीपावली म्हणालात!"

शनिवारी ओसरी गच्च भरली. काकूंनी एकेकाची ऑर्डर घेतली, झोकात मान उडवली, आणि पानं मांडून होतात न होतात तोच त्यांचा चेहरा पालटला. पोट धरून त्या परसातल्या संडासाकडे अशा सुटल्या की मांजरसुद्धा वाट सोडून उभं राहिलं.

आश्लेषा हातात भातवाढी घेऊन खुदकन हसली. जिंकलीच की ती! तेवढ्यात संडासाच्या जाळीतून खणखणीत आवाज आला.

"कोपऱ्यातल्या दाढीवाल्यांना तूप नको! ठाण्याच्या वहिनींना सोलकढी बिनमिरचीची! त्यांच्या यजमानांना तिखट, आणि ते लाजतात, पण तिसरा मोदक वाढ!"

पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. ठाण्याचे यजमान लाजले, पण मोदक घेतला. पानामागून पान बरोबर निघत गेलं. काकू बाहेर येत, दोन पावलं टाकत, पुन्हा आत धावत, आणि आवाज काही खाली येईना.

शेवटी टोकाच्या पाटावर विश्वंभरकाका दिसले. पान कोरडं.

"चूक!" आश्लेषा ओरडली. "बाबांना विसरलात!"

"ते कुठे पाहुणे आहेत? त्यांची ऑर्डर कोण घेतो?" जाळीतून उत्तर आलं.

"उपाशी माणूस तो उपाशीच, आई!"

दोघींनी निवाडा काकांवर सोपवला. काका मनातून सुनेकडे झुकले होते. भूक लागली होती ना! एवढ्यात आतून पुन्हा आवाज आला, जरा थकलेला.

"आशू, त्यांना वालाचं बिरडं तळातलं दे, वरचं पातळ चालत नाही. भात निवलेला. मोदक आधी फोडून ठेव, जीभ भाजून घेतात. आणि मी बाहेर यायच्या आत लिंबू दे, माझ्या हातच्या बिरड्यावर माझ्यासमोर पिळायची लाज वाटते त्यांना."

काकांचे कान लाल झाले. ओसरी हसून आडवी झाली.

"सूनबाई," काका तिने वाढलेल्या बिरड्यात बोटं घालत म्हणाले, "कागद राहू दे. एवढं सगळं कुठे लिहून ठेवणार आहेस? आणि ते लिंबू आण."