घरी न झोपणारी गाडी

"कुंदाताई, तुमचा पेशंट वापस आया!" रहीमभाई केबिनमधूनच ओरडले. मी तेव्हा एका गाडीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवी झाले होते. पेशंट कोण, हे विचारायची गरज नव्हती. जामबागच्या निर्मलाबाईंची पांढरी ऑटोमॅटिक गाडी महिन्याभरात तिसऱ्यांदा टो-व्हॅनवर बसून आली होती.

मी दिलसुखनगरच्या एका वर्कशॉपमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. इंजिन खोलणारे लोक वेगळे. माझ्याकडे वायरी, फ्यूज, सेन्सर आणि बॅटरी. बावीस वर्षं झाली, तरी नवीन कस्टमर अजून मलाच विचारतात, "मॅडम, मेकॅनिक कुठाय?" मी हातातला टेस्टर दाखवते आणि बॉनेट उघडायला सांगते. रहीमभाई वर्कशॉपचे मालक. त्यांना फक्त दोन गोष्टींचा राग येतो: उभी राहिलेली गाडी आणि उभा राहिलेला कस्टमर.

बाईंची तक्रार साधी होती. गाडी तीन दिवस घरी उभी राहिली की चौथ्या दिवशी स्टार्ट होत नाही. बॅटरी पार उतरलेली असते. पहिल्या वेळी बॅटरी जुनीच होती, म्हणून आम्ही बदलली. दुसऱ्या वेळी मी ड्रेन मोजला.

ड्रेन म्हणजे काय ते सांगते. गाडी बंद करून लॉक केली, तरी ती पूर्ण बंद होत नाही. घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांना थोडा करंट लागतोच. लॉक केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी गाडी 'झोपते', म्हणजे करंट अगदी कमी होतो. पाण्याच्या टाकीचा नळ थेंब थेंब गळावा, तेवढाच. त्याने महिनाभर काही बिघडत नाही. पण नळ नीट बंदच झाला नाही, तर दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी. बाईंच्या गाडीचा आकडा अठ्ठावीस मिलीअँपिअर आला होता. उत्तम. "गाडी एकदम ठीक आहे," असं छातीठोक सांगून मी ती परत पाठवली होती.

आणि आता ती परत आली होती. मागोमाग रिक्षातून निर्मलाबाई उतरल्या, काठी टेकत. बाई विज्ञान शिकवायच्या, मग मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जावं लागायचं, आणि गाडीपायी त्यांच्या दोन खेपा बुडाल्या होत्या. त्यांच्या मागे यादगिरी उभा होता. त्यांचा ड्रायव्हर, अकरा वर्षांपासूनचा.

"कारण मला कळलंय," बाई म्हणाल्या. "हा दुपारी गाडीत बसून गाणी ऐकतो. समोरच्या घरातल्यांनी पाहिलंय. तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये तसं लिहून द्या. एक तारखेपासून मी दुसरा माणूस बघणार आहे."

यादगिरीने मान वर केली नाही. मी त्याला कंप्रेसरच्या पलीकडे नेलं आणि विचारलं, "सच बोलो. गाने सुनते क्या?"

"सुना मेडम. एक बार. आधा घंटा. अम्मा बहुत गरम हो गए. उस दिन से चाबी अम्मा के पासइच रैती."

"उसके बाद भी बैटरी उतरी?"

"हौ मेडम. दो बार."

मी बाजूला येऊन रहीमभाईंना हे सांगितलं. ते हळूच म्हणाले, "लिख देओ ना जी. उनो खुश, किस्सा खतम."

खरं सांगते, हात पेनाकडे गेला होता. ड्रायव्हरचं नाव लिहिलं असतं तर माझ्या दोन्ही चुकाही त्याच्याच खात्यावर गेल्या असत्या. पण हिशेब जुळत नव्हता. अर्धा तास गाणी ऐकणं म्हणजे टाकीतून दोन तांबे पाणी काढणं. त्याने नवी बॅटरी मरत नाही. आणि चावी बाईंकडे गेल्यावरही ती मरत होती.

"बाई, आज लिहीत नाही," मी म्हटलं. "गाडी एक दिवस ठेवा. आणि हो, दुसरी चावी कुठे असते?"

"जागेवर आहे. आमच्या घरी प्रत्येक वस्तू जागेवर असते."

मुख्याध्यापिकेला यावर आणखी काय विचारणार?

बॅटरी चार्ज केली. गाडी लॉक केली, चावी लांब ऑफिसात ठेवली आणि क्लॅम्प मीटर लावला. तारेला चिमट्यासारखा धरतो तो मीटर. वीस मिनिटांत आकडा अठ्ठावीसवर आला. दर तासाला जाऊन बघितलं. अठ्ठावीस. संध्याकाळी अठ्ठावीस, सकाळी अठ्ठावीस. गुणी बाळासारखी झोपली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आपण गाडी तीनदा तपासली, पण तीनही वेळा आपल्या घरी, म्हणजे वर्कशॉपमध्ये. बिघाड होतो तो तिच्या घरी.

मी बाईंना फोन केला. "गाडी मीच घेऊन येते. तुमच्याकडे मोजायचं आहे."

"माझ्याकडे काय मोजणार तुम्ही? पंखे?"

शनिवारी सकाळी मी जामबागला पोचले. गल्लीतलं बैठं जुनं घर, वर एक मजला चढवलेला, पुढे पोर्च. नुकताच रंग दिलेला दिसत होता. गाडी पोर्चमध्ये नेहमीच्या जागी, खिडकीला खेटून लावली. मीटर अडकवला, लॉक केलं आणि चावी यादगिरीच्या हातात देऊन त्याला नाक्यावरच्या हॉटेलात पाठवलं. "चाय पिओ. बुलाए तक आना नक्को."

बाई खुर्ची टाकून बसल्या. मी मीटरकडे बघत बसले.

वीस मिनिटं झाली. आकडा शंभरावर आला आणि एकदम उडी मारून चारशेवर गेला. पुन्हा खाली, पुन्हा वर. तासभर तोच खेळ. गाडी झोपेचना! मला इतका आनंद झाला की बाईंनी विचारलं, "काय सापडलं?"

"काही नाही. पण बिघाड दिसला."

मग मी एकेक फ्यूज काढायला लागले. फ्यूज काढल्यावर आकडा पडला, तर चोर त्याच लाइनवर. रेडिओचा काढला, फरक नाही. आतल्या दिव्यांचा काढला, नाही. पाचवा फ्यूज कीलेस सिस्टिमचा होता. तो काढला आणि मीटर शांत झाला.

या गाडीला चावी लावावी लागत नाही. चावी खिशात घेऊन जवळ गेलं की दार उघडतं. त्यासाठी गाडी अधूनमधून हळूच विचारत असते, चावी जवळ आहे का? चावीने 'आहे' म्हटलं की ती जागी होऊन मालकाच्या स्वागताला लागते. मालक येत नाही. ती झोपायला जाते. तेवढ्यात पुन्हा 'आहे'.

यादगिरी तर नाक्यावर होता. मग 'आहे' कोण म्हणत होतं?

"बाई, दुसरी चावी दाखवता?"

"सांगितलं ना, जागेवर आहे."

"जागा दाखवा."

बाईंनी काठीने खिडकी दाखवली. मी आत गेले. खिडकीच्या चौकटीला लागून लाकडी पट्टी, तिला आकडे, प्रत्येकाखाली वळणदार अक्षरात चिठ्ठी. गच्ची. मागचं दार. पाण्याची मोटार. कार – २. चावी आणि गाडी यांच्यात जेमतेम दोन हात अंतर होतं.

"ही पट्टी कधी लावली?"

"रंग दिल्यावर. दीड महिना झाला. त्याआधी चावी वरच्या कपाटात असायची, सापडायची नाही. म्हणून मी..." बाई थांबल्या. विज्ञानाच्या बाई त्या. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

मी फ्यूज परत बसवला आणि चावी वरच्या मजल्यावर ठेवून आले. वीस मिनिटांत अठ्ठावीस. खाली आणून आकड्याला लावली. चारशे.

"पुन्हा करा," बाई म्हणाल्या.

"बाई, कळलं की आता."

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो." त्यांनी वही-पेन मागवलं आणि वेळ आणि आकडा असे दोन रकाने आखले. त्या खुर्चीत बसून नोंदी करत होत्या आणि मी जिना चढत-उतरत होते. तीन वेळा. त्यांच्यापेक्षा माझ्याच गुडघ्यांची त्या दिवशी फिजिओथेरपी झाली.

यादगिरीला बोलावलं. तो आला तो चेहरा पाडूनच. बाई काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या.

"यादगिरी, बैटरी मेरी वजह से उतर रही थी. मैंने तुम पर इल्जाम लगाया. मेरी गलती."

तो इतका गडबडला की आधी खुर्चीच पुढे सरकवली. "अम्मा बैठो, बैठो. घुटना, अम्मा."

"बैठती हूँ. मगर उस दिन गाने सुने, वो तुम्हारी गलती थी."

"हौ अम्मा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

रिपोर्ट मात्र बाईंनी माझ्याकडून तिथेच लिहून घेतला, आणि तोही मराठीत. माझं शिक्षण इथल्याच इंग्रजी शाळेत झालं. मी लिहिलेल्या चार ओळींत त्यांनी सहा वेलांट्या सुधारल्या आणि मग सही केली.

चावी वरच्या कपाटात गेली. दोन महिने झाले, गाडी रोज पहिल्या झटक्यात सुरू होते आणि यादगिरीच ती चालवतो. बाईंची फिजिओथेरपीही पुरी झाली.

रहीमभाईंना सगळं सांगितलं तर म्हणाले, "अब घर घर जाके गाड्यां देखते क्या? डॉक्टरां भी छोड़ दिये वो काम."

मी म्हटलं, जाते. मीटरने मला एकदाही चुकीचा आकडा दाखवला नव्हता; तो मीच चुकीच्या पत्त्यावर लावला होता. आणि ज्याच्यावर आळ घालणं सगळ्यांना सोयीचं असतं, त्याचं नाव लिहिण्याआधी निदान एक बेरीज करून बघावी. ती दोन मिनिटांत होते.