कपाळावरच्या बटांना स्थगिती

कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंना सगळे मधल्या बाई म्हणत. भांडणारे नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. तेव्हा एकाचं ऐकायचं, त्यातलं विष काढायचं आणि उरलेलं दुसऱ्याला सांगायचं, हे बाईंचं काम. बरेचदा उरायचं काहीच नाही. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे घरी नवऱ्याने चहा मागितला, तरी त्या विचारत, "समोरच्या पक्षाची हरकत नाही ना?"

मिक्सरच्या झाकणासाठी लढणारी जोडपी त्यांनी पाहिली होती, पण या दोघांनी कहर केला. वाद होता दुसरीतल्या लेकीच्या केसांचा. आईला आखूड हवे, बापाला लांब. निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' असा हुकूम निघाला, म्हणजे केसांना कोणीही हात लावायचा नाही.

केसांना कोर्टाचं काय पडलंय? ते वाढले. आईच्या वकिलांनी लगेच अर्ज ठोकला, की बाप रविवारी मुद्दाम तेल चोळतो. बापाचे वकील म्हणाले, आठवडाभर केस आईकडेच वाढतात. तारखांवर तारखा पडल्या आणि दर शनिवारी, मुलगी आईकडून बापाकडे जाताना, फूटपट्टीने बटा मोजायचं काम मधल्या बाईंच्या गळ्यात आलं. बटा डोळ्यांवर उतरल्या. चाप लावावा, तर तोही बदलच. पोरगी मान मागे टाकून, हाताने चाचपडत चालायची.

एका शनिवारी ती दाराच्या चौकटीवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं. व्हरांड्याच्या एका टोकाहून आई म्हणाली, "त्यांना विचारा, आता वेळ कोणाची चालू होती?" दुसऱ्या टोकाहून बापानेही तेच विचारायला सांगितलं.

बाईंनी पोरीला खोलीत नेऊन टेंगळावर ओला रुमाल धरला.

"बाई, तुम्हाला चष्मा आहे?" तिने विचारलं.

इतके महिने भेटत होत्या दोघी. बाईंचा चष्मा पोरीला आज पहिल्यांदा दिसला होता. पाकिटं फोडायची कात्री त्यांनी खणातून काढली आणि बटा कापून टाकल्या. वाकड्यातिकड्या, पण भुवयांच्या वर.

मग मात्र आई-बाप एकाच दारातून एकदमच आत घुसले. बाईंची नोकरी घालवायचीच, यावर दोघांचं क्षणात एकमत झालं. व्हरांड्यातल्या एकाच बाकावर बसून तक्रार लिहायला लागले.

"'मनमानी' लिही," आई म्हणाली.

"लिहिलंय. पुढे सांग."

मध्ये कोणी नव्हतं. नोकरी जाणार हे दिसत होतं, तरी बाई थक्क होऊन ऐकत राहिल्या. पोरगी त्यांचं बोट धरून बाकाकडे टक लावून बघत होती.

"भांडतायत?"

"नाही गं. माझ्याविरुद्ध लिहितायत."

पोरीने थोडा विचार केला. "मग त्यांना सांगा ना, सावकाश लिहा."

बाईंनी हा निरोप काही पोचवला नाही. आत जाऊन त्या आणखी कोरे कागद घेऊन आल्या.