पाक कास्मिजानची दातखीळ

बू वागिनेम तशी गोड बाई. आमच्याकडे बाईमाणसाला मानाने 'बू' म्हणतात आणि बाप्याला 'पाक'. म्हणजे तुम्ही तिच्याशी नीट वागलात तर! नाही वागलात, तर ओठांवर हसू आणि पोटात निखारा ठेवून ती रोज तुमची चौकशी करते, "जेवलात का हो?" शेजारच्या पाक कास्मिजानची ती गेल्या पुरापासून अशीच चौकशी करत होती.

झालं होतं असं, की बेंगावान नदी फुगली तेव्हा या कास्मिजानने कुणाला न विचारता आपल्या शेताचा बांध पुरुषभर उंच केला. पाण्याला जायला वाट नको? ते वळलं आणि थेट शेजारच्या वागिनेमच्या भातात शिरलं. भात कुजलं, बदकं वाहून गेली. पाणी ओसरल्यावर आपलं सगळं वाचलं म्हणून कास्मिजानने देवाचे आभार मानले, आणि रीतीप्रमाणे घरोघर जेवणाची पुडी पाठवली. वागिनेमने केळीचं पान उलगडलं. भात, शेवया, आणि रश्श्यात बदकाचा पाय. पायाच्या पडद्याला काप. तो काप तिनेच मारलेला, आपली बदकं ओळखू यावीत म्हणून!

"माझंच बदक मला वाढतोय, मेला!" ती म्हणाली. आणि खाल्लं हो तिने, हाडं चोखून. उपाशीपोटी राग थोडाच धरता येतो?

यंदा पूर आला तर पाणी कुठून सोडायचं, हे गावानेच ठरवायचं होतं. नदीखात्याचा साहेब नकाशा घेऊन बैठकीला यायचा होता. वाटा दोनच. कास्मिजानचा बांध फोडून जुन्या ओढ्यात, नाहीतर पुन्हा वागिनेमच्या भातातून. पुन्हा भात गेलं, की शेत विकून तिला शहरात जावयाच्या दारात बसावं लागणार होतं. जावई कसला आहे ते मी सांगत नाही, पण ती त्यापेक्षा नदीत बसली असती.

आता आमच्याकडे बैठकीत हात वर करून मोजत नाहीत. सरपंच, म्हणजे पाक लुराह, विचारतात, "मंजूर?" सगळे ओरडतात, "मंजूर!" एकानेही तोंड उघडून नाही म्हटलं की बैठक पुढे ढकलली. आणि कास्मिजानला नाही म्हणायचा भारी नाद. आधीच्या बैठका त्याने अशाच उधळल्या होत्या.

या खेपेला खाऊची पाळी आली वागिनेमवर. तिने जेनांग घोटलं. चिकट तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा गूळ. एरवी बायका ते सुरीला सुटेपर्यंत घोटतात. हिने त्याच्याही पुढे घोटलं, दंड भरून येईपर्यंत. कास्मिजानने नुकतीच नवी कवळी बसवलेली, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

"घ्या पाक, तुमच्यासाठी मोठी वडी काढून ठेवलीय."

"विष नाही ना घातलंस, बू?"

"अगंबाई! मला बदक पाठवणाऱ्या माणसाला मी विष घालीन? भीती वाटत असेल तर राहू द्या हो."

लोक फिदीफिदी हसले. भरल्या सभेत घाबरट कोण ठरेल? त्याने अख्खी वडी तोंडात कोंबली.

वागिनेम लगेच उठली. "पाक लुराह, माझं म्हणणं, बांध फोडावा. पाणी जुन्या ओढ्यातून जाऊ दे."

"मंजूर?"

"मंजूर!"

"म्म्म! म्म्म्म!" कास्मिजान उभा राहून हात नाचवायला लागला. वरची कवळी खालच्या कवळीला अशी चिकटून बसली होती, की सुतारालाच बोलवावं.

"बघा, पाकसुद्धा हो म्हणताहेत," वागिनेम म्हणाली.

साहेब गोंधळला. "त्यांना काही बोलायचंय का?"

पाक लुराहही कास्मिजानला विटलेले. "तोंड उघडलं का त्यांनी? नाही ना? मग मंजूर. मारा रेघ."

साहेबाने नकाशावर लाल रेघ मारली, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत बांधाला खिंडार पडलं.

नदी फुगलीच. पाणी खिंडारातून कास्मिजानचा मका तुडवत ओढ्याला लागलं. वागिनेमचं भात उभंच्या उभं राहिलं. तिने ओट्यावर बसून सगळं पाहिलं, सुपारी चघळत. आणि संध्याकाळी कुणाची बदकं पोहत तिच्या अंगणात आली असतील?

तिनेही देवाचे आभार मानले. घरोघर पुड्या पाठवल्या. सगळ्यात मोठी कास्मिजानला.

दुसऱ्या दिवशी तो फुटक्या बांधावर उभा राहून ओरडला, "बू! तुझं बदक फार चिवट होतं!"

"माझं कुठलं हो पाक," ती गोड आवाजात म्हणाली, "तुमचंच होतं!"