आमच्या खोट्या ऑफिसचा खरा कारभार

किस्से हे लहान बाळाच्या धुतलेल्या कपड्यांसारखे असतात. दोन घड्या घालून होतात न होतात, तोवर दोरीवरचे आणखी सहा वाळलेले असतात! गेल्या वर्षभरात माझ्याकडे दोन्हींचा ढीग झालाय. कपड्यांचं काही खरं नाही, किस्से तेवढे आवरून ठेवते.

आधी ओळख करून देते. जिंतूरच्या बाहेर कापसाची एक बंद पडलेली जिनिंग मिल आहे. तिच्या ऑफिसच्या दोन खोल्यांत आम्ही एक विनोदी सीरियल करतो, ‘साहेब जेवायला गेलेत’. एक सरकारी ऑफिस आणि दर भागात तिथला एक नवा घोळ. आधी नुसतं मोबाइलवर टाकायचो. मग एका केबलवाल्यानं दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास दिला आणि आम्ही एकदम टीव्हीवाले झालो!

लिहितो आणि दिग्दर्शन करतो तो बालाजी, माझ्या नवऱ्याचा मित्र, वालूरचा. कॅमेरा शकीलभाईंचा, एरवी ते लग्नं शूट करतात. साहेब झालेत खंदारे सर, रिटायर्ड हेडमास्तर. आणि शिपाईण म्हणजे पेडगावच्या सुमनताई. घरी शेळ्यांचं सगळं बघून, दावणीला चारा टाकून त्या अभिनयाला येतात.

मी बी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघता बघता इथे लागले. काम कंटिन्युइटीचं. म्हणजे मागच्या शॉटमध्ये कप उजव्या हातात होता तर पुढच्यातही उजव्याच हातात पाहिजे, चहाही तेवढाच उरलेला पाहिजे. सगळं वहीत लिहायचं आणि चुकलं की ओरडायचं. बालाजी म्हणाला होता, “वहिनी, तुमच्याएवढी काळजी करणारं माणूस मला अख्ख्या जिल्ह्यात दिसलं नाही.” मी ते कौतुक समजले.

माझ्यासोबत कामावर माझी मुलगी जुई असते. सुरुवातीला ती चार महिन्यांची होती. आणि खाली जे काही हसण्यासारखं लिहिलंय, ते घडत असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती, ती कधी चालणार? समोरच्या घरातलं पोरगं दहाव्या महिन्यात धावत होतं. माझी वही एका बाजूनं सीनची होती, दुसऱ्या बाजूनं जुईची. ‘बसली.’ ‘रांगली.’ ‘उभी राहिली.’ मग पानंच्या पानं कोरी.

*

ऑफिसचा बोर्ड पेंटरनं इतका झकास रंगवला की पहिल्याच आठवड्यात एक आजोबा हातात पिशवी घेऊन आले.

“साहेब हायेत का?”

सुमनताई शिपायाच्या ड्रेसमध्ये दारात स्टुलावर बसलेल्या. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “साहेब जेवायला गेलेत.”

आजोबा बिचारे ओट्यावर टेकले. आत आमचं शूटिंग. तासाभरानं खंदारे सर बाहेर आले, त्यांनी आजोबांना आत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ओशाळून सांगितलं, “आजोबा, माफ करा. हे ऑफिस खरं नाही, नाटकातलं आहे.”

आजोबा पाणी प्यायले. टेबल बघितलं, फायली बघितल्या. म्हणाले, “असू द्या की खोटं! खऱ्या हापिसात मला आजवर कुनी बसा म्हनलं न्हाई.”

सरांना राहवलं नाही. त्यांनी तिथंच त्यांचा अर्ज आपल्या हेडमास्तरी अक्षरात लिहून दिला. पुढच्या आठवड्यात आजोबा आणखी दोघांना घेऊन हजर!

बालाजी वैतागला. “आजोबा, खरं ऑफिस तिकडं आहे!”

“तिकडं जायलोच की. अर्ज हितं चांगला लिहून मिळायलाय, म्हनून आलो.”

तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत सर ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहितात. सीरियलचं नाव तेवढं खोटं पडलं. आमचे साहेब जेवायला जातच नाहीत!

*

एका सीनमध्ये सुमनताई साहेबांच्या बशीतलं भजं चोरून खातात आणि तोंड भरलेलं असताना म्हणतात, “मी न्हाई खाल्लं, साहेब.” एवढंच वाक्य. बशीत भजी चार. मी वहीत चित्र काढून ठेवलेलं, कुठलं भजं कुठं.

पहिल्या टेकला ताई वाक्य विसरल्या. दुसऱ्याला हसल्या. तिसऱ्याला म्हणाल्या, “मी खाल्लं न्हाई...” आणि गप्पच. दर वेळी एक भजं जायचं, दर वेळी मी ओरडायचे, “चार पाहिजेत, चार!” आणि समोरच्या गाड्यावरून गरम भजी यायची.

अकराव्या टेकला बालाजी रडकुंडीला आला. “ताई, चार शब्द आहेत. चार! एवढे पाठ होईनात?”

“पाठ हायेत की,” ताई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. “पन भजी लय चांगली हायेत रे बाबा. आता गार आन, एका दमात म्हनते.”

गार भजी आली. एका दमात झालं!

*

जुई साधारण आठ महिन्यांची असेल. ती नेमकी शकीलभाईंचं ‘सायलेन्स!’ ऐकून जागी व्हायची. झोप मोडली की भोकाड, भोकाड आवरलं की प्रकाश गेलेला. मी लाजेनं मेल्यासारखी व्हायचे. मग शकीलभाईंनी तोडगा काढला. “भाभी, टेन्शन कायको? मी बोलणारच नाही.” खिशातून त्यांनी लाल रुमाल काढला. रुमाल वर गेला की ‘अ‍ॅक्शन’, खाली आला की ‘कट’. डायलॉग सोडले तर दिवसभर सेटवर अक्षर नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, रेल्वेचं काम चाललंय!

महिनाभरात सगळ्यांना रुमालाची इतकी सवय झाली की विचारू नका. एके दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो. ऊन मी म्हणत होतं. शकीलभाईंनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढून कपाळाकडे नेला.

खंदारे सरांनी भाकरी खाली ठेवली आणि कडाडले, “ही फाईल तीन महिने कुणाच्या टेबलावर होती?”

सुमनताई ताडकन उठल्या. “माझ्या न्हाई साहेब, मी तर पानी आनायला गेलते!”

दोघांनी अख्खा सीन केला. हातवारे, रडणं, सगळं. शकीलभाई घाबरून रुमाल तसाच कपाळाला धरून बसले. खाली घेतला असता तर कट झाला असता ना!

*

आता माझी चूक सांगते. लपवून उपयोग नाही, सगळ्या युनिटला माहीत आहे.

एक सीन जानेवारीत अर्धा राहिला होता. सुमनताईंच्या पुतणीचं लग्न निघालं, मग काही ना काही, आणि उरलेला अर्धा आम्ही मे महिन्यात घेतला. मी वही उघडली. लिहिलेलं होतं, ‘साहेब: करडा स्वेटर.’

मे महिन्यात, आमच्याकडे! पंखा लावायचा नाही, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. सरांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. स्वेटर चढवला, गळ्यापर्यंत. मी आपली दर शॉटला बाह्या तपासायला जात होते. चार तास!

चहाच्या वेळी शकीलभाईंनी सहज जानेवारीचं शूटिंग लावून बघितलं. स्वेटर होता. खुर्चीच्या पाठीवर!

मी वहीचं पान उलटलं. ‘साहेब: करडा स्वेटर.’ त्याखाली, ‘जुईचे ड्रॉप्स सहा वाजता.’ आणि पुढच्या पानावर, ‘खुर्चीला अडकवलेला.’

त्या आठवड्यात जुईचा पहिला वाढदिवस होऊन गेला होता. पाहुण्यांनी केक खाता खाता विचारून झालं होतं, “अजून चालत नाही का?” त्यात हे. मी तिथेच रडायला लागले. ना धड काम, ना धड आई!

सरांनी स्वेटर काढून जुईच्या कपड्यांशेजारी दोरीवर टाकला. शर्ट पिळला असता तर बादलीत पाणी पडलं असतं. म्हणाले, “मॅडम, आयुष्यभर पोरांना ‘घाम गाळा, घाम गाळा’ म्हणत आलो. काय सांगत होतो, ते आज कळलं!”

*

जुई सव्वा वर्षाची झाली तरी पाऊल टाकेना. खुर्ची धरून उभी राहायची, सगळ्यांकडे बघून हसायची, की कुणीतरी पटकन उचललंच. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट आहे, थोडी वाट बघा. वाट बघणं मला जमत असतं तर हवंच काय होतं!

सासूबाईंचा फोन आला. त्या रागीट नाहीत, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागतं. “अगं, तिथं धा जणांच्या कडेवर असते ती. जमिनीला पाय लागंल, तवा चालंल ना?”

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी मी बालाजीला सांगून टाकलं, “या पर्वाचा शेवटचा भाग झाला की मी थांबते. जुईसाठी घरी बसते.”

त्यानं ते ऐकून घेतलं. पण दुपारी सेटवरच्या नोटीस बोर्डावर कागद लागला. खाली साहेबांची सही, वर आमचा खोटा गोल शिक्का:

‘विषय: कु. जुई हिला उचलण्याबाबत. सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, कु. जुई ही स्वतःच्या पायांनी चालू लागेपर्यंत तिला कोणीही कडेवर घेऊ नये. ती रडल्यास तिच्या शेजारी जमिनीवर बसावे. कसूर करणाऱ्यावर कारवाई होईल.’

तासाभरात सुमनताईंच्या कडेवर जुई!

“ताई, नोटीस!” मी म्हणाले.

“सीरियलमधी मला वाचता येत न्हाई गं,” ताई म्हणाल्या. बारावी पास बाई!

पण नंतर सगळ्यांनी नियम पाळला. तिसऱ्या दिवशी जुई रडायला लागली, तसे सर कोटाबिटासकट खाली बसले. मग सुमनताई, शकीलभाई, बालाजी. मधोमध जुई मुसमुसतेय आणि भोवती सगळे मान खाली घालून गप्प. तेवढ्यात केबलवाला भेटायला आला. दारातच थबकला. हळूच चपला काढल्या, आत येऊन माझ्या शेजारी मांडी घालून बसला आणि कानात म्हणाला,

“कोण गेलं?”

*

शेवटच्या भागाचा शेवटचा सीन. साहेब रिटायर होतात. रिकाम्या ऑफिसात ते टेबलापाशी एकटेच उभे राहून बोलतात आणि सुमनताई दारात हार घेऊन थांबलेल्या असतात. पश्चिमेच्या खिडकीतून टेबलावर ऊन येतं, ते जेमतेम दहा मिनिटं. म्हणजे टेक एकच.

मी कॅमेऱ्याच्या पायाशी वही घेऊन बसलेले. जुई माझ्या मागे, एक हात स्टुलावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून उभी. माझं इथलं शेवटचं काम, म्हणून मी सगळं दोनदा लिहिलं होतं. टेबलावर पेन, चष्म्याचं घर, एक फाईल. खोली रिकामी.

सर बोलायला लागले. “या टेबलासमोर किती माणसं आली. कुणाचं काम केलं, कुणाला उद्या या म्हणालो. आता वाटतं...”

आणि माझ्या खांद्यावरून एक हात निसटला.

मी वळून बघितलं तर जुई स्टुलापाशी नव्हती. ती माझ्या बाजूनं पुढे गेली होती. पायांवर! एक पाऊल. दुसरं. मग थांबली, डुलली. मी उठले तर फ्रेममध्ये येणार, हाक मारली तर ती वळणार आणि पडणार. मी पदराचा बोळा तोंडात धरला. शकीलभाईंनी कॅमेरा थांबवला नाही, फक्त हळूहळू खाली झुकवला.

तिसरं. चौथं. उन्हाच्या पट्ट्यात आल्यावर तिनं खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं, जणू कुणाचे आहेत ते. पाचवं, सहावं, आणि तिनं साहेबांची पँट गुडघ्यापाशी घट्ट धरली.

सरांचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. त्यांनी खाली बघितलं. माझ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही. चष्मा नीट केला आणि साहेबांच्याच आवाजात म्हणाले,

“सुमन, बाकीच्यांना थांबायला सांग. यांचं काम आधी.”

“व्हय साहेब,” सुमनताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पार फुटला होता.

शकीलभाईंचा रुमाल खाली आला की नाही, मला आठवत नाही. ऊन गेलं. दुसरा टेक होणार नव्हता. शकीलभाई लेन्स पुसत होते, म्हणजे निदान तसं दाखवत होते.

शेवटी बालाजी माझ्याकडे वळला. म्हणाला, “वहिनी, मागच्या शॉटमध्ये खोली रिकामी आहे. अख्ख्या सीरियलमध्ये कुठं लेकरू नाही. हे एकदम मधेच आलं. ठेवायचं, का काढायचं? तुमचं खातं आहे, तुम्ही सांगा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर, सुमनताई, शकीलभाई. पँट न सोडता जुईसुद्धा.

मी वहीत बघितलं. मग जुईकडे बघितलं.

“जुळतंय,” मी म्हणाले.