लांजेवार गुरुजींची नाडीपरीक्षा

निवृत्त झाल्यावर लांजेवार गुरुजींना एक विचित्र सवय लागली. जुना विद्यार्थी भेटला की ते त्याचं मनगट धरत आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजत. लोक हसत. "मास्तर आता वैद्य झाले," म्हणत.

या सवयीचं मूळ माझ्या टेबलाशी होतं. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी गावच्याच दवाखान्यात रक्तदाब तपासायच्या कामावर बदलून आलो, आणि गुरुजी रोज सकाळी तिथल्या बाकावर येऊन बसू लागले. एकदा म्हणाले, "बाबू, मी एक पाहून राहिलो. ज्यायचा दाब चढते, ते बहुतेक माहे मागच्या रांगेतले पोट्टे आहेत."

मी हसण्यावारी नेलं. त्यांनी मात्र डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, माणूस घाबरला की शरीरात एक हार्मोन सुटतं. भीती सरली की ते उतरायला हवं. काहींचं वर्षानुवर्षं उतरत नाही, माणूस आतून झिजत जातो.

"मंग हे डोकं कमी असल्यानं होते, का माह्या छडीनं?"

"ते मला नाही सांगता येणार, गुरुजी."

वर्गात आणि निवृत्तीनंतरही ते सहज म्हणून जात, "डोकं देवानं देल्लं, मी काय करू?" त्या दिवसानंतर हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मागच्या रांगेत अगदी टोकाला सुखराम बसायचा. पाढा चुकला की गुरुजी एखाद्या हुशार मुलाला उठवत आणि चुकलेल्याच्या थोबाडीत मारायला लावत. तो हुशार मुलगा बहुतेक वेळा मीच असे. सुखराम आता तुमसरच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलत होता. गुरुजी मला घेऊन त्याच्याकडे गेले.

चाळिशी गाठलेला सुखराम आम्हाला पाहताच ताठ उभा राहिला. गुरुजींनी नाडीसाठी हात पुढे केला, तर त्यानं तळवा उघडून समोर धरला आणि डोळे मिटले.

गुरुजींनी त्याचा उघडा तळवा आपल्या हातानं मिटवला. "सुखराम, मी माराले नाही आलो रे."

तो ओशाळला. "सवय आहे, मास्तर. मुकादमानं नाव घेतलं तरी हात असाच समोर होते. सकाळी उठलो का छाती धडधडते. कायचं भेव आहे, मलेच समजत नाही."

"मले माफ कर."

"कायले? मले येतच नव्हतं ना."

परतताना बसमध्ये गुरुजी खिडकीकडे तोंड करून बसले.

मग ते दर रविवारी तुमसरला जाऊ लागले. सुखरामच्या मुलीला गणित जमत नव्हतं, तिला शिकवू लागले. तीही चुकायची. गुरुजी म्हणायचे, "चुकू दे. घाई कोनाले आहे?" पोरगी खळखळून हसायची. सुखरामला मात्र तेवढा वेळ घरात बसवत नसे. गुरुजी उठेपर्यंत तो रस्त्यावर येरझाऱ्या घालत राही. असं पाच वर्षं चाललं.

गुरुजी गेले तेव्हा तो आला. आम्ही सगळे गुरुजींच्या अंगणात होतो, तो कुंपणाबाहेर उन्हात थांबला होता. डोकं पार पांढरं झालं होतं. मी जवळ गेलो तशी त्यानं मान खाली घातली.

"भाऊ, मी आत येऊ काय?"

ज्या हातानं त्याच्या थोबाडीत मारायचो, त्याच हातानं मी फाटक उघडलं, तरी तो उत्तराची वाट पाहत तसाच उभा होता.